नागपूरचा रियाज, क्यूबाचा बोंगो



लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘शोला जो भडके’ धरलं, की आजीबाईंचेही पाय हलतात. ‘अलबेला’ सिनेमातलं 1951 चं हे गाणं. मूळ गाण्यात वाजतो तो बोंगो. दोन लहान ढोलक्यांची ही जोडी क्यूबा बेटावरची. पण चाल बांधणारा माणूस गाणं शिकला होता आपल्या नागपुरात. आज त्याचीच गोष्ट.

रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म 1918 चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणं शिकले. वसंतराव देशपांडेही सप्रेगुरुजींचेच शिष्य. पुढे रामचंद्र मुंबईला सिनेमात गेले. तिथे त्यांना भेटले गोव्याचे वादक. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन शिकवत. ही मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत बँड वाजवू लागली. त्यांतला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट रामचंद्रांचा सहायक झाला. ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो. आणि त्या सिनेमाचे नायक भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा, जन्म अमरावतीचा!

आता हा ठेका आला कुठून? त्याची कहाणी दुःखाची आहे. आफ्रिकेतून माणसं धरून जहाजात कोंबली आणि क्यूबात उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवली. घर गेलं, नातीगोती गेली. हातातला ताल तेवढा राहिला. त्यात स्पॅनिश गाणं मिसळलं, त्यातून रुंबा आला, पुढे साल्सा आला. तबकड्यांवरून हे संगीत जगभर गेलं, परत आफ्रिकेतही पोचलं. तिथल्या लोकांना ते परकं वाटलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाचा न्योनास पेद्रो साल्सा गायला, तो आपल्या तिकडच्या बोलींत. म्हणजे माहेरचा ताल लेकीच्या घरून नवं लुगडं नेसून परत आला.

तोच वारा मुंबईत रामचंद्रांना लागला. ठेका परका, पण सूर आणि शब्द इथले. सगळंच काही त्यांनी नव्याने घडवलं असंही नाही. ‘समाधी’ सिनेमातल्या ‘गोरे गोरे’ची चाल हॉलिवूडच्या एका गाण्यावरून घेतलेली आहे. तेही सांगायला हवं.

असली गाणी सगळ्यांना रुचली नाहीत. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. मग लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं! शेवटी 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

ज्याला पाश्चात्त्य चालींचा म्हणून नावं ठेवली, त्याच माणसाने 1963 मध्ये ‘ऐ मेरे वतन के लोगों’ला चाल दिली. त्यानेच 1970 च्या ‘घरकुल’मध्ये आपल्या सुरेश भटांचं ‘मलमली तारुण्य माझे’ स्वरबद्ध केलं. नागपूरचा पाया पक्का होता, म्हणून बाहेरचं घेऊनही सूर हरवला नाही.

हे आज का सांगते? आपल्या भजनी मंडळांत, गटाच्या मेळाव्यांत हाच वाद असतो. पोरी म्हणतात, नवी चाल लावू. थोरल्या म्हणतात, आपलं जुनं बुडेल. माझं म्हणणं एवढंच, की थोरल्यांनी ओव्या आधी पोरींच्या तोंडी बसवाव्यात आणि मग पोरींनी हवा तो ठेका धरावा. ज्याचं पाठ आहे, ते बुडत नाही.

आणि एक. गोव्याच्या त्या वादकांपैकी बहुतेकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. सूर त्यांचा, नाव दुसऱ्याचं. आपल्या ओव्यांचंही तसंच होतं. म्हणून गाणं म्हणाल तेव्हा ते कुणाकडून शिकलात, त्या बाईचं नाव आधी घ्या. मग गा.