ब्रफ सुपीरिअर : एक देखणी मोटरसायकल, एक मृत्यू आणि आपल्या डोक्यावरचे हेल्मेट

१/ १३ मे १९३५. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात एक मोटरसायकलस्वार क्लाउड्स हिल या आपल्या छोट्याशा घराकडे परतत होता. रस्त्यावर अचानक सायकलींवरून जाणारी दोन मुले दिसली. त्यांना वाचवताना तो गाडीवरून फेकला गेला. १९ मे रोजी, शुद्धीवर न येताच, त्याचा मृत्यू झाला. तो होता टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. वय अवघे ४६. आजचा थ्रेड त्याच्या गाडीविषयी आणि त्या अपघाताने मागे ठेवलेल्या वारशाविषयी.

२/ गाडीचे नाव ब्रफ सुपीरिअर. नॉटिंगहॅमचे विल्यम ब्रफ आपल्या नावाच्या मोटरसायकली बनवत असत. त्यांचा पुत्र जॉर्ज १९१९ साली वेगळा झाला आणि त्याने आपल्या गाडीच्या नावाला ‘सुपीरिअर’ अर्थात ‘श्रेष्ठ’ हे विशेषण जोडले. मग वडिलांची गाडी कनिष्ठ ठरली का, हा प्रश्न खुद्द वडिलांनीच विचारला होता, असे सांगतात.

३/ १९१९ ते १९४० या काळात ब्रफच्या कारखान्यातून जेमतेम ३,००० गाड्या बाहेर पडल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रतिकृती म्हणजे १९२४ साली आलेली ‘एसएस १००’. तिची संख्या चारशेच्याही आत. नावातला शंभर हा आकडा म्हणजे ताशी १०० मैल वेगाची हमी.

४/ येथे एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. ‘हाताने घडवलेली’ म्हणून गाजलेल्या या गाडीचे इंजिन ब्रफचे नव्हतेच. ते लंडनच्या जेएपी कंपनीकडून, पुढे मॅचलेसकडून येई. गिअरबॉक्स स्टर्मी-आर्चरचा. मग कारागिरी होती कशात?

५/ ती जोडणीत होती. प्रत्येक गाडी दोनदा जोडली जाई. प्रथम सर्व भाग एकमेकांत नीट बसतात का, हे पाहण्यासाठी. मग ती पूर्ण सुटी करून भागांना रंग व मुलामा दिला जाई आणि त्यानंतर अंतिम जोडणी होई. शेवटी प्रत्यक्ष चाचणी. हमी दिलेला वेग गाठला नाही, तर गाडी पुन्हा कारखान्यात.

६/ या काटेकोरपणाची किंमत होती. ‘एसएस १००’ साठी सुमारे १७० पौंड मोजावे लागत. सामान्य कामगाराची मजुरी तेव्हा आठवड्याला तीन पौंडांच्या आसपास होती. म्हणजे वर्षभराच्या कमाईहून अधिक पैसे एका दुचाकीसाठी. ज्या हातांनी ती घडवली, त्या हातांना ती परवडणारी नव्हती.

७/ एका मोटरसायकल नियतकालिकाच्या समीक्षकाने तिला ‘मोटरसायकलींमधील रोल्स-रॉइस’ म्हटले आणि ब्रफने ते बिरुद जाहिरातींत मिरवले. रोल्स-रॉइसचा माणूस पाहणीला आला, तेव्हा कामगार पांढरे हातमोजे घालून काम करताना दिसले, अशी कथा आहे. हातमोजे मात्र प्रदर्शनासाठीच्या गाड्या हाताळताना घातलेले होते, असेही त्याच कथेत सांगतात. कथा गोड आहे, पण ती दंतकथा म्हणूनच वाचावी.

८/ लॉरेन्सने एकामागून एक सात ब्रफ बाळगल्या. आठवीची मागणी नोंदवलेली होती. गाडीला तो ‘बोअनर्जेस’ म्हणे. बायबलमधील या शब्दाचा अर्थ ‘मेघगर्जनेचे पुत्र’.

९/ त्याच्या अखेरच्या दिवसांत उपचारासाठी आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार व सहप्रवासी दगावले होते. १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हेल्मेटची निकड मांडली. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

१०/ म्हणून ‘लॉरेन्सच्या मृत्यूमुळे हेल्मेट आले’ असे म्हणावे का? इतके सरळ नाही. एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूने एका डॉक्टरला प्रश्न पडला, परंतु उत्तर मिळाले ते हजारो अप्रसिद्ध मृत्यूंच्या नोंदींतून. नागरिकांवर सक्ती व्हायला तर ब्रिटनमध्ये १९७३ साल उजाडले.

११/ ब्रफचा कारखाना तोवर थांबला होता. १९३८ च्या प्रदर्शनात मांडलेली सोनेरी ‘गोल्डन ड्रीम’ युद्धामुळे बाजारात आलीच नाही. १९४० मध्ये मोटरसायकलींचे उत्पादन बंद पडले आणि तेच कुशल हात रोल्स-रॉइसच्या मर्लिन विमान-इंजिनांचे भाग बनवू लागले. बिरुद असे अनपेक्षित रीतीने खरे झाले. युद्धानंतर ब्रफने पुन्हा मोटरसायकल बनवली नाही.

१२/ आज उरलेल्या ब्रफ लिलावांत लाखो पौंडांना विकल्या जातात. तो वारसा मोजक्या संग्राहकांचा. दुसरा वारसा मात्र कुणालाही परवडणारा आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेट सक्तीचे करते. ते आरशाला अडकवून निघण्यापूर्वी केर्न्स यांनी मोजलेली ती २,२७९ माणसे एकदा आठवावीत.

थ्रेड समाप्त.