आगगाडीची हमी आणि कारागिराचें शिक्षण

एखाद्या देशांत नवें वाहन येतें तेव्हां लोकांचें लक्ष प्रथम यंत्राकडे जातें. त्या यंत्रासाठीं पैसा कोणीं उभा केला आणि तें चालविण्याची विद्या कोणास मिळाली, हे दोन प्रश्न मागाहून सुचतात. आपल्याकडील आगगाडीचा इतिहास या प्रश्नांच्या उजेडांत वाचला म्हणजे असें दिसून येतें कीं, सरकारचा हात भांडवलाच्या पाठीशीं आरंभापासून होता. कारागिराच्या पाठीशीं तो यावयास मात्र पाऊणशें वर्षें लागलीं.

१८४९ सालच्या ऑगस्टमध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशीं करार केला. लोहमार्गास लागणारी जमीन सरकारनें फुकट द्यावी व भागीदारांच्या भांडवलावर दरसाल शेंकडा ५ व्याजाची हमी घ्यावी, या त्यांतील मुख्य अटी होत. मिळकत कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरून निघावयाची. नफा झाला तर भागीदारांस वांटा, आणि तोटा झाला तर तो रयतेच्या माथीं! या हमीमुळें लंडनांतील सावध माणसांचा पैसा बाहेर पडला हें खरें. पण खर्चास आळा घालण्याची निकडही त्याबरोबर नाहींशी झाली. एकोणिसावें शतक सरत येईपर्यंत सरकारास या व्यवहारांत पदरमोड करावी लागत होती.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. ३ इंजिनें, १४ डबे, सुमारें ४०० पाहुणे आणि २१ मैलांची वाट असा तो थाट होता. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईच्या धुरीणांनीं या कार्यास आरंभापासून हातभार लावला होता. परंतु खरी कसोटी पुढें बोरघाटांत लागली. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांच्या योजनेप्रमाणें १८५६ सालीं तेथें काम सुरू झालें. सुमारें १६ मैलांत गाडी १,८३१ फूट वर चढवावयाची आणि २५ बोगदे खोदावयाचे होते. १८६१ सालीं ऐन भरांत ४२,००० माणसें घाटांत राबत होतीं. कड्यावर दोरास लोंबकळून सुरुंगाचीं भोंकें पाडणारे मजूर, पाथरवट, लोहार, सुतार, डोक्यावर माती वाहणाऱ्या बायका अशी ती सेना होती. पटकीनें त्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. १८६३ च्या एप्रिलमध्यें गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें हा मार्ग खुला झाला. सह्याद्रि ज्यांनीं फोडला त्यांच्या मुलांच्या हातीं इंजिन मात्र आलें नाहीं. मोठ्या गाड्यांवरील ड्रायव्हर व गार्ड दीर्घ काळपर्यंत बहुतेक युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन असत.

शिक्षणाची महती सरकारास ठाऊक नव्हती असें म्हणतां येत नाहीं. गंगेच्या कालव्यास माणसें हवीं होतीं म्हणून १८४७ सालीं रुडकीस विद्यालय निघालें. १८५४ सालीं पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग व यंत्रशाळा सुरू झाली. इमारती, धरणें, पूल व लोहमार्ग यांच्या कामावर दुय्यम अधिकारी पुरविणें हा तिचा हेतु होता. यांतील ‘दुय्यम’ हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. याच विद्यालयानें पुढें मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारखा स्थापत्यविशारद देशास दिला. १८९५ सालीं अजमेरच्या रेल्वे-कारखान्यांत मीटर गेजचें एक संपूर्ण इंजिन बांधून झालें. तेव्हां येथल्या माणसांस हें काम साधत नाहीं, ही सबब उरली नव्हती.

दादाभाई नौरोजी यांचा आगगाडीस विरोध नव्हता. इतर देशांत रेल्वेवरील अधिकाऱ्यांचे पगार देशांतच राहतात, येथें मात्र ते भांडवलावरील व्याजाबरोबर बाहेर जातात, हें त्यांचें दुखणें होतें. १९२१ सालच्या अ‍ॅक्वर्थ समितीच्या अहवालानें त्यास आंकड्यांचा आधार दिला. रेल्वेच्या सुमारें ७,१०,००० नोकरांपैकीं ७,००,००० हिंदी होते आणि युरोपियन अवघे ७,०००. तरी सर्वोच्च जागांवर हिंदी मनुष्य एकही नव्हता. मोठ्या पदांवर चढण्यास लागणारें शिक्षण व संधि त्यांस दिली पाहिजे, हा त्यापासून घेण्याचा धडा उघड होता.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. हिंदुस्थानांत बांधलेल्या इंजिनांसाठीं सरकार निविदा मागवील, असें १९२१ सालीं जाहीर झालें. त्या भरंवशावर पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनीनें जमशेदपुराजवळ कारखाना उभारला. परंतु १९२४ सालीं टॅरिफ बोर्डानें मागणी पुरेशी नाहीं म्हणून संरक्षण नाकारलें. कारखाना शेवटीं सरकारनें विकत घेतला आणि इंजिनांऐवजीं डब्यांचे सांगाडे तेथें होऊं लागले. विलायती भागीदारांस शेंकडा ५ ची हमी देणाऱ्या सरकारास देशी कारखान्यास कांहीं वर्षांच्या मागणीची हमी देतां आली नाहीं.

ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्लें अशी विजेची पहिली गाडी धांवली. त्याच वर्षीं जी. आय. पी. रेल्वेचा कारभार सरकारकडे आला. १९२९ सालीं वीज घाट चढून पुण्यास पोंचली. तिच्यासाठीं ठाकुर्लीजवळ चोळें येथें रेल्वेचें स्वतःचें वीजघर झालें. घाटांतील मालगाड्यांसाठीं स्वित्झर्लंड व इंग्लंड येथून लांब नाकाडाचीं इंजिनें आलीं. रेल्वेच्या माणसांनीं त्यांचें नांव ‘खेकडा’ असें ठेवलें. वाफेवर हात बसलेल्यांस आतां दुसरी विद्या शिकणें प्राप्त झालें. येथून शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टि थोडी पालटली. १९२७ सालीं जमालपुरास निवडक उमेदवारांस यांत्रिक शाखेचे अधिकारी म्हणून तयार करण्याची योजना निघाली. १९३० सालीं डेहराडून येथें रेल्वे स्टाफ कॉलेज सुरू झालें. स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालीं, तें बडोद्यास स्थापन झालें.

१९५० सालीं चित्तरंजनच्या सरकारी कारखान्यांत इंजिनें बांधण्यास आरंभ झाला. १९६१ सालीं तेथें पहिलें विजेचें इंजिन तयार झालें व पंडित नेहरूंनीं तें कामावर सोडलें. त्यास ‘लोकमान्य’ असें नांव देण्यांत आलें. हें इंजिन मुंबई-पुण्याच्या बाजूस चालणाऱ्या १,५०० व्होल्टच्या विजेवरचें होतें. पहिल्या गाडीनंतर १०८ वर्षांनीं, बोरघाट चढण्याजोगें विजेचें इंजिन देशाच्या कारागिरांनीं बांधलें.

२०२२ सालीं बडोद्यासच वाहतुकीच्या विद्येस वाहिलेलें गति शक्ति विश्वविद्यालय केंद्रीय विद्यापीठ म्हणून उभें राहिलें. आतांच्या वाहनांत विजेच्या जोडीस गणकयंत्र आलें आहे, आणि सरकारी पैसा पूर्वींपेक्षां पुष्कळ मोठा आहे. तो पैसा कितीसा फळास आला, हें जुन्याच मापानें मोजावें लागेल. गाडी किती वेगानें गेली याबरोबरच, ती दुरुस्त करणारा, चालविणारा आणि पुढली गाडी आंखणारा मनुष्य येथें तयार झाला कीं नाहीं, हेंही त्या हिशेबांत धरलें पाहिजे.