वरसईची दप्तरं

आमचा पुतण्या रोह्यात घरी बसून देशोदेशीच्या लोकांबरोबर फुकट काम करतो. याला म्हणे ओपन सोर्स म्हणतात. प्रोग्रॅम सगळ्यांचा, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. त्यातही हा पठ्ठ्या प्रोग्रॅम लिहीत नाही. तो कसा चालतो, त्यात काय बदललं आणि का, याची टिपणं लिहितो, जुनी झाली की नीट करतो. "काका, प्रोग्रॅम लिहायला सगळे धावतात, हे लिहायला कुणी नाही," हे त्याचं रोजचं गाऱ्हाणं.

मी म्हटलं, "पेणला जा."

त्याला वाटलं, गणपती आणायला पाठवतोय. पण पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे आणि या धंद्यातली दोन थोर माणसं तिथली आहेत.

पहिले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. मराठ्यांचा इतिहास छातीठोक सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. कागद दाखवा म्हटलं की पंचाईत! राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवरची दप्तरं उतरवली. वाळवी आणि उंदीर हे संशोधक बहुतेक ठिकाणी आधीच पोचलेले असत. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पुढे बावीस झाले. स्वतःची मतं त्यांनी लांबलचक प्रस्तावनांत मांडली, पण सोबत मूळ कागदही छापले. पटलं नाही तर कागद बघा आणि भांडा! लोक भांडलेही. कागदांना कायमचं घर हवं म्हणून १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, त्यातही राजवाडे पुढे.

दुसरे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेत गेले, ते थेट बंडात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा भटजीबुवा झाशीतच! परत आल्यावर पुष्कळ वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी सगळं लिहून काढलं.

इथे पुतण्या कान टवकारून बसला. त्याच्या मंडळींकडे गिट नावाची एक व्यवस्था आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेली. मजकूर कुणी, कधी बदलला याची नोंद तीत राहते आणि आधीचा मजकूरही शाबूत असतो. वैद्यांकडे गिट नव्हतं. त्यांनी विष्णुभटांच्या लिखाणात बरीच फिरवाफिरव करून १९०७ साली 'माझा प्रवास' छापला. लोकांनी तो आवडीने वाचला. विष्णुभटांचं म्हणून वाचलेलं कुठलं वाक्य वैद्यांचं, हे त्या पुस्तकावरून कळायला मार्ग नव्हता.

पण वैद्यांनी एक फार मोठं काम केलं. मूळ हस्तलिखित त्यांनी फेकलं नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेलं, म्हणजे एका वरसईकराचे कागद दुसऱ्या वरसईकराने उभ्या केलेल्या घरात येऊन राहिले. १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून मूळ पाठ छापला. मधे एकोणसाठ वर्षं गेली होती.

आता दोन्ही विष्णुभट वाचायला मिळतात. मला दुसरे आवडतात; ते आमच्या बाजूचे वाटतात.