आईबापाचं पाप आणि लेकराची शिक्षा

एखाद्या घरात लहान मूल दगावलं किंवा अधू जन्मलं की अंगणात जमलेल्यांपैकी कुणीतरी हळूच बोलून जातं, "कुणाचं पाप कुणाला भोवलं बघा." बोलणारा माणूस वाईट नसतो. आपण धर्मातलंच सांगतोय असं त्याला मनापासून वाटत असतं. पण ते वाक्य त्या आईच्या कानावर पडतं आणि जन्मभर तिथेच राहतं. म्हणून आज धर्मग्रंथच उघडून बघू, तिथे काय सांगितलंय ते.

सुरुवात आपल्या महाभारतापासून. आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. मौन धरून तप करत बसलेला हा माणूस. चोर पळत आले, आश्रमात माल लपवून बसले. मागून राजाचे शिपाई आले, ऋषींना विचारलं, ते बोलले नाहीत. शिपायांनी चोरांबरोबर त्यांनाही धरलं आणि राजाने सुळावर चढवलं. ऋषी मेले नाहीत. चूक कळल्यावर राजाने पाय धरले, पण सूळ काही निघेना. शेवटी तो कापावा लागला आणि टोक अंगातच राहिलं. तेव्हापासून नाव पडलं अणीमांडव्य.

गोष्ट इथे संपत नाही. मांडव्य थेट धर्मदेवाकडे गेले आणि जाब विचारला, "माझा गुन्हा काय?" उत्तर मिळालं की लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास, त्याचं हे फळ. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? ऋषी चिडले. त्यांनी धर्मालाच शाप दिला की तू दासीच्या पोटी जन्म घेशील. तोच पुढे विदुर झाला. शिवाय मांडव्यांनी नियमच घालून दिला की वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत केलेलं कृत्य पाप धरायचं नाही.

जरा थांबून विचार करा. या गोष्टीत चुकलेला साक्षात धर्म आहे. न्याय देणाऱ्यालाच शिक्षा झाली, आणि ती पोराच्या खोडीचा हिशेब ठेवला म्हणून. (शूद्र म्हणून जन्म येणं ही 'शिक्षा' समजणारा त्या काळचा समाजही याच गोष्टीत दिसतो, ते नजरेआड करू नये.)

आता बायबलचा जुना करार घ्या. तिथे हा प्रश्न आणखी जखमेसारखा उघडा आहे. निर्गमच्या पुस्तकात मिसरमधलं प्रत्येक घरचं थोरलं अपत्य एका रात्रीत मरतं, तुरुंगातल्या कैद्याचंसुद्धा. फारोच्या हट्टाशी त्या कैद्याचा काय संबंध? दहा आज्ञांमध्येच आईबापाच्या अपराधाचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातो असं येतं. शौल राजाला अमालेकी लोकांवर पाठवलं जातं, तेव्हा तान्ह्या मुलांनाही सोडू नको असा हुकूम आहे. हे वाचून भल्याभल्या श्रद्धावंतांची झोप उडालेली आहे. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

पण त्याच ग्रंथात याच्याशी भांडणारा आवाजही आहे. अनुवादाच्या पुस्तकात कायदा आहे की बापासाठी मुलाला आणि मुलासाठी बापाला ठार करू नये. हा कायदा नुसता कागदावर राहिला नाही. यहूदाचा राजा अमस्या गादीवर आला तेव्हा त्याने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना मारलं, पण त्यांच्या मुलांना हात लावला नाही. मारेकऱ्याचा वंश संपवणं ही त्या काळी राजांची रीतच होती, म्हणून ग्रंथकाराने ही गोष्ट मुद्दाम नोंदवली.

पुढे बाबेलच्या बंदिवासात लोकांमध्ये एक म्हण रूढ होती. आंबट द्राक्षं बापजाद्यांनी खायची आणि दात मात्र पोरांचे आंबायचे, अशा अर्थाची. यहेज्केल संदेष्ट्याने ती म्हणच मोडीत काढली. ज्याचं पाप त्याचंच, मुलाने बापाचा भार वाहायचा नाही, हे त्याने अख्ख्या अध्यायभर बजावून सांगितलं. आणि योनाच्या गोष्टीत निनवे शहर का वाचवलं याचं कारण देव स्वतः देतो. ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही असे 1,20,000 जीव तिथे आहेत, आणि गुरंढोरंही. यातले ते अजाण जीव म्हणजे लहान मुलं, असा अर्थ बऱ्याच टीकाकारांनी लावला आहे.

सगळ्यात जास्त चटका लावते ती रिस्पा. दावीद राजाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. कारण निघालं शौल राजाने गिबोनी लोकांची केलेली कत्तल. शौल तर केव्हाच मेला होता. मग त्याच्या वंशातले सात जण धरून दिले आणि डोंगरावर टांगले. त्यातले दोघे रिस्पाचे मुलगे. ही बाई खडकावर गोणपाट अंथरून बसली. जवाच्या सुगीपासून पाऊस पडेपर्यंत तिने दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं हाकलली, प्रेतांना शिवू दिलं नाही. तिच्या तोंडी ग्रंथात एक शब्द नाही. पण राजाला तिची दखल घ्यावी लागली. हाडं गोळा करून सन्मानाने पुरली, आणि त्यानंतर देवाने देशाची विनवणी ऐकली, असं तिथे लिहिलंय.

नव्या करारात जन्मांध माणसाला बघून शिष्य येशूला नेमका आपल्या अंगणातला प्रश्न विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. तरीही चर्चला हे पचवायला शतकं लागली. संत ऑगस्टीनच्या मते बाप्तिस्म्याशिवाय मेलेलं तान्हं बाळ नरकातच जायचं, फक्त शिक्षा सौम्य. नंतर त्यांच्यासाठी 'लिंबो' नावाची अधलीमधली जागा कल्पिली गेली. थेट 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने म्हटलं की अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे.

आणि आपण? परंपरा सांगते, विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार केला. आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं. तरी शास्त्री-पंडितांचं समाधान झालं नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता, चारही पोरांना पैठणला जाऊन शुद्धिपत्र आणायला लावलं. पोरांचा गुन्हा एकच, जन्माला आली.

1863 साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेच्या पोटचं मूल म्हणजे पाप, म्हणून त्याचा जन्मताच गळा घोटला जायचा. त्या गृहात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतलं. तो यशवंत डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात आईबरोबर रोग्यांसाठी उभा राहिला. ज्याला लोक पाप म्हणाले असते, तो इतरांचे जीव वाचवत होता.

आज देवाच्या नावाने ही शिक्षा फारसं कुणी मागत नाही. पण आरोपी एक आणि बुलडोझर अख्ख्या घरावर, हे आपण टाळ्या वाजवत पाहिलं. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणी आरोपी आहे एवढ्यावरून त्याचं घर पाडता येणार नाही, ती घरातल्या सगळ्यांनाच दिलेली शिक्षा ठरते. न्यायमूर्ती होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन.

अमस्या राजाला जे कळलं होतं ते आपल्याला कोर्टाने समजावून सांगावं लागलं.

देव न्यायी आहे की नाही, हा वाद ज्याचा त्याने सोडवावा. पण पुढच्या वेळी मयतीच्या अंगणात ते वाक्य कुणाच्या ओठावर आलं, तर एवढंच करा. त्याला मांडव्याची गोष्ट सांगा. आणि ती आई ऐकत असेल तर जरा मोठ्याने सांगा.