मुलांचा रोजचा एक तास मैदानावर: सोलापुरात कमी खर्चात कसं जमेल?

मुलं दिवसभर मोबाईल घेऊन बसतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण मोबाईल काढून घेतल्यावर त्यांनी जायचं कुठे? क्रिकेट किंवा स्केटिंगच्या क्लासची फी आणि साहित्याचा खर्च यंत्रमागावर किंवा विड्या वळून चालणाऱ्या घराला परवडत नाही. सोलापूरकडे यावर स्वस्त उत्तर आहे आणि ते जुनंच आहे: खो-खो, लेझीम आणि पायी पोचता येईल असं मैदान.

किती खेळणं पुरेसं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. त्यात आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे जोमाचे खेळ हवेत. उड्या, धावणं, दोरीवरच्या उड्या, रस्सीखेच हे सगळं यात येतं. 2016च्या आकडेवारीनुसार जगातल्या 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलामुलींची इतकी हालचाल होत नव्हती. मुलांमध्ये हे प्रमाण 78 टक्के होतं, तर मुलींमध्ये 85.

खो-खो: दोन खांब आणि आखलेली रेघ

खो-खोचे पहिले नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. मोठ्यांचं मैदान साधारण 27 बाय 16 मीटर असतं. लहान मुलांसाठी ते आणखी आखूड करता येतं. बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत. खांबाऐवजी सुरुवातीला दोन मुलं उभी केली आणि रांगोळीने रेघा मारल्या तरी डाव सुरू होतो. छोट्या धावा, अचानक वळणं, पटकन उठणं-बसणं यामुळे थोड्या वेळात भरपूर व्यायाम होतो.

सोलापूर जिल्ह्यात हा खेळ किती रुजला आहे, हे वेळापूरच्या रामजी कश्यपकडे पाहिलं की कळतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता.

लेझीम: गणपतीपुरतीच का?

गणेशोत्सव जवळ आला की सोलापूरच्या पेठापेठांत संध्याकाळी हलगी वाजू लागते आणि लेझीमचा सराव सुरू होतो. वाकणं, उड्या, ताल धरणं असा अंगभर व्यायाम त्यात होतो. साहित्य मंडळाकडे असतंच. विसर्जनानंतर ते माळ्यावर जातं. हाच सराव आठवड्यातून दोन दिवस वर्षभर चालू ठेवला, तर वेगळा खर्च जवळजवळ नाहीच.

जागेचं काय?

शहरात पार्क मैदान आहे, कुमठा नाक्याला क्रीडा संकुल आहे. होम मैदान जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी लागतं. पण सात-आठ वर्षांचं मूल रोज तिथे एकटं जाऊ शकत नाही. त्याला घरापासून पाच-दहा मिनिटांवरची जागा हवी: वॉर्डातली बाग, मोकळा प्लॉट किंवा शाळेचं पटांगण. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळेला खेळाचं मैदान असावं लागतं. शाळा सुटल्यावर ते कुलूपबंद राहतं. संध्याकाळचा एक तास मागणारा अर्ज पालकांनी मिळून दिला, तर बोलणं तिथून सुरू होतं.

गट कसा सुरू करायचा?

• 10-12 मुलं आणि आळीपाळीने थांबणारे दोन पालक एवढ्यावर सुरुवात करा.
• वेळ आणि वार ठरवा. वेळ बदलत राहिली की गट मोडतो.
• फीऐवजी वर्गणी ठेवा. ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडून घेऊ नका आणि त्याची चर्चाही करू नका.
• जुने खेळाडू, तालमीतले वस्ताद, निवृत्त क्रीडाशिक्षक यांना आठवड्यातून एक दिवस बोलवा.
• बागेचा किंवा मैदानाचा वापर असेल तर महापालिकेची लेखी परवानगी घ्या.
• प्रथमोपचार पेटी आणि पिण्याचं पाणी जवळ ठेवा. खेळण्याआधी खडे, काचा वेचून घ्या.

ऊन सांभाळा

एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच खेळ ठेवा. दर 15-20 मिनिटांनी पाणी द्या. चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवली तर मुलाला लगेच सावलीत आणा, अंग ओल्या फडक्याने पुसा. शुद्ध हरपत असेल किंवा मूल असंबद्ध बोलत असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

मुली मैदानावर टिकाव्यात म्हणून

बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की अनेक मुली खेळ सोडतात. कारणं साधी असतात: जवळ स्वच्छतागृह नाही, परतताना अंधार होतो, सोबत कुणी नाही. म्हणून वेळ उजेडातली ठेवा, एखादी आई किंवा ताई मैदानावर असू द्या आणि मुलींना घोळक्याने घरी पोचवा. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी 2020चा अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रत्येक मुलगी तिथवर जाणार नाही, जायलाही नको. पण संध्याकाळचा एक तास तिच्याही वाट्याला यायला हवा.