वंशावळीतले नाव आणि वर्तमानपत्रातले नाव

घराण्याचा इतिहास लिहिण्याची हौस मराठी समाजाला नवी नाही. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. त्याआधी घरोघरच्या वंशावळी होत्या, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या होत्या आणि दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात हेळव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली कुळांची माहिती होती. या सर्व साधनांचा स्वभाव एक आहे : ती वरून खाली वाचली जातात. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र. माणूस कोणाच्या पोटी जन्मला हे त्यांतून कळते. तो कोणांमध्ये वावरला हे सहसा कळत नाही.

ही उणीव जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बऱ्याच प्रमाणात भरून काढू शकतात, असे आमचे मत आहे. वर्तमानपत्रात आपला पूर्वज आडव्या ओळीत उभा असतो : सभेला हजर असलेल्यांच्या यादीत, वर्गणीदारांच्या पोचेत, परीक्षेच्या निकालात, अर्जावर सही करणाऱ्यांत. त्याच्या शेजारची नावे नातेवाइकांची नसतात. त्या दिवशी, त्या प्रश्नावर, त्याच्या बाजूला जे उभे राहिले त्यांची ती नावे असतात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या साधनाकडे वळावे, असे आम्हांला वाटते. कारण येथे लागणारे कौशल्य मुख्यत्वे वाचनाचे आहे : मजकूर कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने लिहिला हे ओळखण्याचे.

प्रथम या साधनाचा विस्तार ध्यानात घेऊ. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ चे. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ चा आणि पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चा. १८६२ मध्ये मुंबईत ‘इंदुप्रकाश’ सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ‘बेळगाव समाचार’. १८८१ च्या ‘केसरी’पर्यंत येतो तोवर मुंबई-पुण्याबाहेरही छापखाने निघालेले दिसतात. ज्याला आपल्या घराण्याचा माग काढायचा आहे त्याने ‘केसरी’सारख्या नामांकित पत्रापाशी थांबू नये. पूर्वजाच्या गावाला सर्वांत जवळचा छापखाना कोणता होता, हा त्याचा पहिला प्रश्न असावा. शिवाय गावाइतकेच स्थलांतरही पाहावे लागते. कोकणातला माणूस मुंबईच्या पत्रात सापडू शकतो. बडोद्यात नोकरीस गेलेल्याचा शोध भगवंतराव पाळेकरांच्या ‘जागृती’त आणि नागपुरास स्थायिक झालेल्याचा १९१४ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र’ पत्रात घेता येतो.

फाईल उघडल्यावर दृष्टी साहजिकच अग्रलेखाकडे आणि मोठ्या बातम्यांकडे जाते. सामान्य माणूस मात्र तेथे क्वचित भेटतो. तो कडेच्या मजकुरात असतो. वाटणी, दत्तक, कर्ज किंवा जमिनीचा व्यवहार यांविषयीच्या जाहीर नोटिसा, घरातून निघून गेलेल्या मुलाचा शोध घेणाऱ्या जाहिराती, बदल्या आणि नेमणुका, देवालयाच्या जीर्णोद्धारास किंवा दुष्काळ निवारणास दिलेल्या देणग्या, वाचकांची पत्रे. हरवलेल्या मुलाच्या जाहिरातीत वर्ण, उंची, अंगावरचे कपडे यांचे वर्णन असते. ज्या घरात एकही छायाचित्र उरलेले नाही तेथे एखाद्या पूर्वजाच्या रूपाचे तेवढेच वर्णन शिल्लक असू शकते.

अशी यादी किती बोलकी असते आणि किती फसवी, हे दाखविणारे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला आणि त्यानंतर आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हाती घेतला. पुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक हे दोघेही त्या यादीत होते. सनातनी मंडळींनी ग्रामण्य उभे केले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अनेक घरांत लग्नकार्य, श्राद्धपक्ष व पंक्ती यांचा प्रश्न निर्माण झाला.

आता कल्पना करा की या यादीत एखाद्याला आपल्या पणजोबांचे नाव सापडले. त्यावरून काय सिद्ध होते? पणजोबा सुधारक होते? त्यांनी मिशनमध्ये चहा घेतला? यांपैकी काहीही केवळ यादीवरून सिद्ध होत नाही. ते तेथे होते असे छापणाऱ्याचे म्हणणे होते, आणि ते लोकांपुढे यावे अशी त्याची इच्छा होती, एवढेच यादी सांगते. पुढचा शोध घरात घ्यावा लागतो. रानडे यांच्या बाबतीत तो घेता येतो, कारण त्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्या निर्णयाने घरात काय खळबळ झाली ते रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात नोंदविले. वर्तमानपत्राने घटनेची बाहेरची बाजू दिली, आठवणींनी आतली. या दोन्ही बाजू जेथे समोरासमोर येतात तेथे घराण्याच्या माहितीला इतिहासाचे रूप येऊ लागते. यादीतल्या इतर अनेकांच्या घरी आठवणी लिहिणारे कोणी नव्हते. त्यांच्या वंशजांनी पत्रे, हिशेबाच्या वह्या आणि वृद्धांच्या तोंडच्या गोष्टी धुंडाळणे एवढाच मार्ग उरतो.

आता शोधाच्या पद्धतीविषयी. मराठी घरांत तिथी टिकते आणि साल हरवते, हा आमचा अनुभव आहे. श्राद्धामुळे भाद्रपद वद्य नवमी वर्षानुवर्षे लक्षात राहते, पण ती कोणत्या शकातली हे विचारले की उत्तर येते, ‘प्लेगच्या साली.’ प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला, १८९७ मध्ये त्याने पुणे हादरविले आणि पुढे कित्येक वर्षे तो परत परत येत राहिला. प्लेगचे साल एक नव्हते. अशा वेळी तिथी हाती धरून, संभाव्य प्रत्येक वर्षी ती कोणत्या इंग्रजी तारखेस पडली ते जुन्या पंचांगावरून काढावे आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांचे अंक पाहावेत. साप्ताहिकात बातमी उशिरा येते, आणि खेड्यातून येणारी त्याहून उशिरा.

शकाचे इसवी सनात रूपांतर करतानाही दक्षता हवी. ७८ मिळवावेत हा नियम सर्वांना ठाऊक असतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात हे विसरले जाते. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, म्हणजे शके १८०२ चा. जो डोळे झाकून ७८ मिळवील तो १८८० मध्ये शोधत बसेल, आणि त्या वर्षी ‘केसरी’ मुळी निघालेलाच नव्हता.

नावांचा प्रश्न याहून बिकट आहे. एकोणिसाव्या शतकात एकच माणूस कधी आडनावाने, कधी गावाच्या नावाने, कधी हुद्द्याने तर कधी केवळ आपल्या व वडिलांच्या नावाने ओळखला जाई. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही वतनाची नावे. एकाच घरातले दोघे भाऊ दोन आडनावांनी छापलेले आढळू शकतात. घरचे कागद मोडीत आणि वर्तमानपत्र बाळबोधीत, त्यामुळे लिप्यंतरात नावाचे रूप बदलते. त्यात शुद्धलेखनाची भर. १९६२ च्या नियमांपूर्वी ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सर्रास दिले जात. आज काही फायलींच्या संगणकीय प्रती उपलब्ध आहेत आणि त्यांत शब्द शोधण्याची सोयही कोठे कोठे असते. परंतु आजच्या रूपाने शोध घेणाऱ्यास जुने रूप सापडेलच असे नाही. नावाची चार-पाच संभाव्य रूपे आधी कागदावर मांडून मग शोधास बसावे. आणि शेवटी पान डोळ्यांनी वाचण्यास पर्याय नाही, हेही मनाशी पक्के करावे.

यापुढचा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. या आडव्या ओळींत कोण नाही? स्त्रिया जवळजवळ नाहीत. जेथे आहेत तेथे अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या मातोश्री म्हणून. विवाहानंतर नाव बदलण्याच्या रीतीमुळे माहेरचा धागा तुटतो तो वेगळाच. स्त्री स्वतः लिहिती झाली तरी तिचे नाव छापले जाईलच असे नव्हते. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर जी गाजलेली पत्रे आली, त्यांखाली ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची इंग्रजी सही होती. ती लिहिणाऱ्या रखमाबाई त्याच काळात पतीने घातलेल्या दाव्यामुळे बातमीचा विषय झाल्या होत्या. म्हणजे खटल्यातील पक्षकार म्हणून त्यांचे नाव छापले जात होते आणि लेखिका म्हणून ते झाकलेले होते. ताराबाई शिंदे यांची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेल्या खटल्याच्या निमित्ताने स्त्रीजातीवर जो दोषारोप झाला, त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. आज ती अभ्यासक्रमात आहे. पण लेखिकेच्या आयुष्याविषयीची विश्वसनीय माहिती काही परिच्छेदांत संपते. ज्यांचे पुस्तक आपण वाचतो त्यांच्याविषयी ही स्थिती, तर ज्यांनी काही लिहिले नाही त्यांच्याविषयी काय बोलावे!

दुसरी अनुपस्थिती जातीची आहे. उच्चवर्णीयांनी चालविलेल्या पत्रांत दलित आणि कष्टकरी माणूस बहुधा संख्येने येतो, नावाने नाही : इतके मजूर, इतके कैदी, साथीत इतके मृत. ज्या घरांत कुलवृत्तांत छापला गेला नाही, ज्यांच्या नावे वतनाचे कागद थोडे, त्यांना आपली वंशकथा कोठे शोधावी हा प्रश्न पडतो. येथे दुसऱ्या परंपरेची वृत्तपत्रे मोलाची ठरतात. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला आणि पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेला ‘दीनबंधु’, शिवराम जानबा कांबळे यांचा १९०८ चा ‘सोमवंशीय मित्र’, मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये काढलेला आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून दीर्घकाळ चालविलेला ‘दीनमित्र’, डॉ. आंबेडकरांचा १९२० चा ‘मूकनायक’ आणि १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’. सभा कोठे भरली, अध्यक्ष कोण होते, ठराव कोणी मांडला, निधीस कोणी किती दिले, अशा मजकुरातच सामान्य माणसाचे नाव गावासकट छापून येण्याची शक्यता असते. आणा-दोन आण्यांची देणगी देणाऱ्याचे नाव हा त्या कुटुंबाचा पहिला छापील उल्लेख असू शकतो. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. त्यामुळे ज्यांना मूळ फायलींपर्यंत पोचता येत नाही त्यांनाही तेथून आरंभ करता येईल.

मूळ फायली सर्वत्र अखंड नाहीत. लहान गावांच्या पत्रांचे बरेच अंक नष्ट झाले. जुन्या ग्रंथालयांत मात्र पुष्कळ काही टिकून आहे : मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर. ज्या पत्रांचे अंकच उरले नाहीत त्यांचा काही अंश इंग्रज सरकारच्या कागदांत सापडतो. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे सरकारी भाषांतरकार नियमितपणे तयार करीत, आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात ते पाहता येतात. पण सरकारला काय धोक्याचे वाटले याचे ते टिपण आहे, हे विसरून चालणार नाही. त्यात राजद्रोहाचा वास येणारे वाक्य सापडेल, आपल्या आजीच्या वडिलांनी वाचनालयास दिलेली देणगी सापडणार नाही.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून जेव्हा महाराष्ट्र दुभंगला तेव्हा बाजूने आणि विरुद्ध अशा दोन्ही सभा झाल्या आणि दोहोंचे वृत्तांत छापले गेले. पंचहौदच्या प्रकरणातही यादीतली माणसे जशी कोणाचे पणजोबा होती तशी ग्रामण्य करणारी माणसेही कोणाचे पणजोबाच होती. आपला पूर्वज आपल्याला आवडेल अशाच बाजूस उभा असेल याची हमी कोणतीही फाईल देत नाही. वंशावळीत अशी अडचण येत नाही. तेथे नावाला मत नसते. वर्तमानपत्र नावाला मत जोडते, आणि म्हणूनच ते वंशजाला अवघड जाते.

अशा वेळी कात्रण बाजूला ठेवून देण्याचा मोह होतो. आमचे सांगणे एवढेच की तसे करू नये. उतारा घ्यायचा तो पत्राचे नाव, तारीख, पृष्ठ आणि रकाना यांसह घ्यावा, आणि शक्य तर पूर्ण पानाची प्रत घ्यावी. शेजारच्या मजकुराशिवाय नावाचा अर्थ लागत नाही. कुटुंबातील हयात माणसांना ज्यामुळे ओशाळे व्हावे लागेल असे काही आढळल्यास ते प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांना विचारावे. पण नोंद पुसू नये. घराण्याचा अभिमान बाळगण्यासाठी कुलवृत्तांत पुरेसा आहे. आपली माणसे ज्या समाजात राहिली, ज्यांना त्यांनी पंक्तीला घेतले आणि ज्यांना उठविले, ते जाणून घ्यायचे असेल तर या पिवळ्या पडलेल्या रकान्यांपाशी बसण्यावाचून गत्यंतर नाही.