मोजणीदाराची साखळी आणि मामा तलाव

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. इथल्या जमिनीचे कागद मात्र त्याहून कितीतरी जुने, मध्य प्रांताच्या बंदोबस्ताच्या काळातले. ६६ फुटांची साखळी, १०० कड्या. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. हिशेब सोपाच होता. अवघड होतं ते वेगळं: तलाव कुठे संपतो आणि धानाची बांधी कुठे सुरू होते? पाणी दर उन्हाळ्यात मागे सरकतं, आणि उघड्या पडलेल्या गाळावर कुणीतरी नांगर घालतोच.

१९५१मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारकडे आले, लोक त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव म्हणू लागले. हद्द तोंडी सांगणारा मालगुजार बाजूला झाला, उरला नकाशा. सातबारा तलाठी देतो, त्यावर नाव आणि क्षेत्र असतं. पण ती जमीन नेमकी कुठवर, हे भूमी अभिलेखची मोजणी दाखवते. आणि गुरं कुठे चरतील, पाणी कोण घेईल? ते निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांना हे शब्द नवे वाटतील; १९६६च्या महसूल संहितेत ते आजही आहेत.

तालुक्याच्या या कार्यालयाला आपण शेजाऱ्यांच्या बांधभांडणाचं ठिकाण समजतो. आम्हाला ते अपुरं वाटतं. साऱ्या गावाच्या पाण्याची हद्दही तिथल्याच कागदावर आहे. आता साखळी जाऊन रोव्हर आलाय. तलावात अतिक्रमण झाल्याची तक्रार आली, की मोजणीला आधार लागतो तो मात्र त्याच जुन्या नकाशाचा.